गाठ

मागच्या आठवड्यात मामांकडे कुंभार पिंपळगावला जाऊन आलो. दोनच दिवस होतो, पण परत आल्यापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून शेवटी लिहायला बसलो. बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं, आणि आज लिहितोय ते जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी : जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यातलं. रेल्वे धरायची तर परतूर गाठायचं, नाहीतर एसटीने अंबड-जालना. कापूस, ऊस आणि मोसंबी. आजोळ असल्यामुळे माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या तिथल्या विहिरीत गेल्या.

तर सकाळी ओट्यावर बसलो होतो. एक बाई आपल्या विशीतल्या मुलाला घेऊन आली. मामांनी त्याला समोर बसवलं आणि गळ्यातला रुमाल बाजूला करायला सांगितला. कानाच्या खाली, मानेवर सुपारीएवढी गाठ.

"किती दिस झाले?"

"दोन महिने झाले असतील."

"दुखती का?"

"नाही."

"ताप? रातीला घाम? वजन उतरलं का?"

"ताप येतो संध्याकाळी कधीमधी."

"बरं. तुकडा काढला का?"

मुलगा आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, फरक पडंल म्हणाले. मामांनी मान हलवली. "गोळ्या देऊ दे. तुकडा काढला का, येवढंच सांग."

मामा मॅट्रिकपर्यंत शिकलेले. डॉक्टरकीशी त्यांचा काही संबंध नाही, आणि हे ते समोरच्याला आधीच सांगतात. "मी डाक्टर न्हाई बाबा. मी फकस्त इचारतो." पण पंचक्रोशीत कुणाच्या मानेवर, काखेत, जांघेत गाठ आली की तो माणूस आधी मामांच्या ओट्यावर येतो. हे कसं झालं ते सांगतो.

२०१८ सालचा पोळा. बैलांना सजवून झाल्यावर मामांनी नवा शर्ट घातला तर वरचं बटण लागेना. मामी हसली, म्हणाली, मान जाड झाली तुमची. बघितलं तर डाव्या बाजूला गाठ. दुखत नव्हती, लाल नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. न दुखणाऱ्या गोष्टीची आपण वाट बघतो, हा आपला स्वभावच आहे. मामा तेव्हा चौपन्न वर्षांचे होते.

पंधरा दिवसांत गाठ लिंबाएवढी झाली. मग डॉक्टर झाले. कुठले, कोण, ते महत्त्वाचं नाही, आणि मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. आधी अँटिबायोटिक. मग छातीचा एक्स-रे, तो स्वच्छ. मग "ही टीबीची गाठ दिसतेय" असं म्हणून टीबीच्या गोळ्या. लघवी केशरी व्हायला लागली तेव्हा मामांना वाटलं, औषध लागू पडतंय.

आता यात त्या डॉक्टरांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मानेवर गाठ आली की टीबीच आधी आठवतो, आणि बरेचदा असतोही तोच. जुन्या माणसांकडे त्याला शब्दच आहे, गंडमाळ. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन ही लक्षणं टीबीचीही आणि लिम्फोमाचीही. दोघं एकाच गणवेशात येतात म्हणा ना. चूक झाली ती वेगळीच. गाठीला हात लावून तिचं नाव ठरवलं गेलं, गाठीच्या आत कुणी बघितलंच नाही.

त्यातच आणखी एक झालं. सूज उतरावी म्हणून कुणीतरी आठ दिवसांच्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. गाठ झपाट्याने उतरली. घरात आनंदीआनंद, मामीने मारुतीला नारळ फोडला. त्या गोळ्या स्टेरॉईडच्या होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉईडने काही काळ विरघळल्यासारख्या होतात. गाठ लहान होते, तपासणीत नीट सापडत नाही, आणि गोळ्या थांबल्या की जास्त जोराने परत येते. म्हणून शक्य असेल तोवर निदान होण्याआधी स्टेरॉईड द्यायचं नाही, असा डॉक्टरांचा नियम असतो. आमच्याकडे तो पाळला गेला नाही.

आणि आता माझा भाग. तो लिहायचा टाळत होतो.

ऑक्टोबरमध्ये मामीचा फोन आला होता. "बापू, ह्यांला तिकडं पुण्याला घेऊन येऊ का? मला काही बरं लक्षण दिसत न्हाई." घरातला शिकलेला मी. मला विचारलं की घरच्यांचा प्रश्न मिटतो. मी म्हणालो, "मामी, टीबी आजकाल पूर्ण बरा होतो. कोर्स तेवढा मधेच सोडू नका. दिवाळीत मी येतोच आहे." ऐकायला अगदी शहाणपणाचं वाक्य. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात ऑफिसात एक डेडलाईन होती आणि मला ते प्रकरण तिथेच संपवायचं होतं. टीबी आहे हे कशावरून ठरलं, एवढा एक प्रश्नही मी विचारला नाही.

दिवाळीला गेलो आणि दारातच थबकलो. अडुसष्ट किलोचे मामा सत्तावन्नवर आले होते. सहा महिन्यांत दहा टक्क्यांच्या वर वजन आपोआप उतरणं ही धोक्याची खूण मानतात, इथे तर दोन महिन्यांतच त्याहून जास्त गेलं होतं. रात्री अंगातला सदरा पिळावा एवढा घाम. गाठ आता एक नव्हती. मानेवर तीन, काखेत एक. त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ, विहिरीने तळ गाठलेला, बारा वर्षं जपलेली मोसंबीची बाग पिवळी पडायला लागलेली. मामा खाटेवर पडून बागेकडेच बघत होते. स्वतःच्या गाठीबद्दल एक शब्द नाही.

भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी गाडी केली. घनसावंगी, अंबड, जालना आणि औरंगाबाद. (तेव्हा ते औरंगाबादच होतं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं.)

तिथल्या सर्जनने कागद बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला : "तुकडा काढला का?" मामांनी तो प्रश्न तिथून उचलला आहे.

सुई घालून पाणी काढणं, ज्याला एफएनएसी म्हणतात, ते का पुरत नाही, हे त्यांनी फार छान समजावलं. सुईतून सुट्या पेशी येतात. पण लिम्फोमा ओळखायचा तर त्या पेशी गाठीत कशा बसल्यात, गाठीची मूळची घडण राहिली आहे की मोडली आहे, हे बघावं लागतं. मामा लगेच म्हणाले, "म्हंजी पोत्यातली चार दाणे बघून रान कसं पेरलं होतं ते कळणार न्हाई." सर्जन हसले. म्हणाले, अगदी तसंच. म्हणून शक्यतो अख्खी गाठ काढायची, ते जमणार नसेल तर जाड सुईने भरपूर तुकडे घ्यायचे. एक तुकडा टीबीच्या तपासणीलाही पाठवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सोक्षमोक्ष.

गाठ निघाली. पहिला रिपोर्ट आला, त्यात 'हाय ग्रेड लिम्फोमा' एवढंच होतं. मग दुसरा टप्पा : इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींवर कुठली प्रथिनं आहेत ते वेगवेगळे रंग लावून ओळखणं. त्यात आठ-दहा दिवस गेले. त्या दिवसांत मी एवढं वाचलं की परीक्षेलाही कधी वाचलं नव्हतं.

लिम्फोमा हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका जातीचा, लिम्फोसाईट्सचा कॅन्सर. या पेशी आपल्या राखणदार, आणि मान, काख, जांघ, पोट इथल्या लसिका ग्रंथी ही त्यांची ठाणी. लंडनच्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरने १८३२ मध्ये अशा गाठींच्या रोग्यांचं वर्णन केलं. त्याच्या नावाचा एक प्रकार, आणि बाकी सगळे 'नॉन-हॉजकिन'. त्या बाकीच्यांतही कितीतरी जाती. काही इतक्या संथ की वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवतात. काही आठवड्यांत दुप्पट होणाऱ्या. मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त आढळणारा आक्रमक प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. मामांच्या रिपोर्टवर हेच नाव होतं. आणि खाली 'सीडी २० पॉझिटिव्ह'.

'आक्रमक' हा शब्द वाचून माझे हातपाय गार पडले होते. पण कॅन्सरच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं ते ऐकून मी दोनदा विचारलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, संथ लिम्फोमा औषधाने दबतो, पण बहुधा मुळापासून जात नाही. हा झपाट्याने वाढणारा मात्र पूर्ण जाऊ शकतो. दर दहांतले साधारण सहा रुग्ण पहिल्याच उपचाराने कायमचे बरे होतात. कारण किमोथेरपीची औषधं जास्त करून वाढणाऱ्या, दुभंगणाऱ्या पेशींवर काम करतात.

मला हे पटायला वेळ लागला. मामांना लागला नाही. "बरोबर हाय. तणनाशक वाढीच्या तणालाच लागतं. वाळल्या, दबल्या तणावर किती बी मारा, मुळी जित्ती राहती."

एवढं बोलून त्यांनी पहिल्यांदाच बाईंकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "मग मारायचं कधी?"

त्याआधी पेट स्कॅन झाला. रक्तातून किंचित किरणोत्सारी साखर देतात आणि ती जिथे हावरटासारखी खाल्ली जाते ती ठिकाणं चित्रात उजळतात. मान, काख आणि पोटात गाठी होत्या. छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना गाठी असल्या की तिसरी स्टेज. 'तिसरी' ऐकून मामी रडायला लागली. बाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं की इतर कॅन्सरमधली तिसरी आणि यातली तिसरी एक नाही, यात तिसऱ्या-चौथ्या स्टेजचे लोकही बरे होतात. मग हृदयाची इको, कारण एक औषध हृदयाला जड जातं. एचआयव्ही, कावीळ ब आणि क च्या तपासण्या, कारण दुसरं एक औषध शरीरात झोपलेल्या कावीळ ब ला जागं करू शकतं. या तपासण्या कुठे उपचार चालू असतील तर झाल्यात की नाही, हे जरूर विचारा.

उपचाराचं नाव आर-चॉप. पाच औषधांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. दर एकवीस दिवसांनी एक फेरी, अशा सहा. या पाचांची कुळकथा मला औषधांपेक्षाही जास्त लक्षात राहिली.

सायक्लोफॉस्फमाईड हे युद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूचं नातवंड. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड एका रुग्णाला शिरेतून दिलं गेलं. त्याच्या गाठी वितळल्या. काही दिवसांनी परत आल्या आणि तो गेला, पण औषधाने कॅन्सर मागे हटतो हे जगाला तिथे दिसलं. आधुनिक किमोथेरपीचा तो पहिला रुग्ण, आणि त्याला लिम्फोमाच होता.

डॉक्सोरुबिसिन हे रुहअफजासारखं लालभडक. इटलीत एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून त्याचा शोध सुरू झाला. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन म्हणतात. मामांना मातीतलं औषध ही गोष्ट फार आवडली.

व्हिनक्रिस्टिन. हे आपल्या सदाफुलीतलं! मामींच्या तुळशीवृंदावनाशेजारी गुलाबी सदाफुली दुष्काळातही फुललेली होती, तीच. हे कळल्यावर मामी पानांचा काढा उकळायला निघाली होती. बाईंनी हात जोडून थांबवलं. ढीगभर पानांतून चिमूटभर औषध निघतं, ते मोजून, थेट शिरेतच द्यावं लागतं, आणि झाडात इतर विषारी द्रव्यंही असतात. काढ्याने कॅन्सर जाणार नाही, यकृत मात्र बिघडेल. मामीने काढ्याचा नाद सोडला, पण सलाईन लागलं की सदाफुलीची दोन फुलं उशाशी ठेवायची. त्याला कुणी हरकत घेतली नाही.

चौथं प्रेडनिसोलोन. हे स्टेरॉईड. त्या पांढऱ्या गोळ्यांचंच घराणं, ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी रोग झाकला होता. तेच औषध निदानाआधी घेतलं तर घात, आणि निदानानंतर बाकीच्यांच्या जोडीने घेतलं तर उपचार!

आणि पाचवं, 'आर', म्हणजे रिटुक्सिमॅब. ते पेशींवरच्या सीडी २० ला चिकटतं, म्हणून तर रंगांची ती तपासणी. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला परवानगी मिळाली. २००२ मध्ये फ्रान्स आणि शेजारच्या देशांतल्या ३९९ वयस्क रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या चॉपने ६३ टक्क्यांची गाठ पूर्ण गेली होती, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७६ टक्क्यांची. भारतात २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याची देशी आवृत्ती आणली, ती परदेशी औषधापेक्षा स्वस्त पडली.

पैशांचंही लिहायलाच हवं, नाहीतर हे सगळं पुस्तकी वाटेल. पिवळं-केशरी रेशनकार्ड असल्यामुळे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळाला. तेव्हा मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, पुढे ती पाच लाख झाली. बाकीचं आम्ही भाच्यांनी आणि कापसाने भागवलं. तरी एक हिशोब कुणी मांडला नव्हता. बाग जगवायला टँकर घ्यायचे होते. जानेवारीत मामीने परस्पर ठरवलं, टँकर नाही. मामांना सांगितलं तेव्हा ते तोंड फिरवून झोपून राहिले. उन्हाळ्यात साडेतीनशे झाडं जळाली. किमोचे केस गेले तेव्हा हसणारा माणूस, सरपणाला बाग तोडली त्या दिवशी जेवला नाही.

तिसऱ्या फेरीनंतरची रात्र मी नव्हतो तेव्हाची, मामीने सांगितलेली. किमोनंतर आठवडा-दहा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा साधा तापही जीव घेऊ शकतो. बाईंनी नियम दिला होता, तो मी मोठ्या अक्षरांत लिहून चुलीमागच्या भिंतीला चिकटवला होता : ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असो, दिवस असो, निघायचं. तापाची गोळी देऊन वाट बघायची नाही. रात्री दीड वाजता थर्मामीटरने १०१ दाखवला. मामा म्हणाले, सकाळी बघू, येवढ्या रातीला कुणाला उठवायचं. मामीने कंदील उचलला आणि शेजारच्यांच्या दाराची कडी वाजवली. पहाटे पाचच्या आधी सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. पांढऱ्या पेशी अवघ्या सहाशे होत्या. निरोगी माणसाच्या चार हजारांच्या वर असतात. सकाळपर्यंत थांबलो असतो तर हा लेख वेगळा झाला असता.

शेवटची फेरी एप्रिलमध्ये झाली. जूनमध्ये पुन्हा पेट स्कॅन. रिपोर्ट वाचताना मी आधी शेवटची ओळ वाचली, मग सगळा. गाठी विझल्या होत्या.

बाई म्हणाल्या, आता दोन वर्षं नीट जाऊ द्या. हा रोग उलटायचा तर बहुतेक वेळा त्या दोन वर्षांत उलटतो. तो काळ गेला की भीती खूप कमी होते. आम्ही दिवस मोजले. त्यातच कोरोना आला, तेव्हा मामांना आम्ही शेतातल्या खोलीतच कोंडून ठेवलं होतं. २०२१ चा जून आला आणि गेला. आता तर सहा वर्षांच्या वर झाली.

पण सगळ्यांचं असं होत नाही. शेजारच्या खाटेवर एक तरुण असायचा, शिक्षक. तोच रोग, तेच औषध, तीच लाल बाटली. मामांची त्याच्याशी गट्टी जमली होती. त्याचा रोग पाच महिन्यांत उलटला. मग जास्त कडक किमो, आणि ती लागू पडली तर स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण, असा रस्ता होता. ते प्रत्यारोपण होईपर्यंत तो राहिला नाही. त्याच्याच वेळेला निदान लवकर झालं होतं, हेही लिहून ठेवतो. सगळं वेळेवर करूनही काही जण हातातून जातात.

२०२४ च्या एप्रिलमध्ये पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते देशातल्या पहिल्या देशी कार-टी उपचाराचं उद्घाटन झालं, तेव्हा मामांनी मला मुद्दाम फोन केला होता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या लोकांनी मिळून तो बनवला आहे. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला प्रयोगशाळेत शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. आर-चॉपनंतर उलटलेल्या लिम्फोमासाठी तो आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेच्या मानाने किंमत साधारण दहावा हिस्सा, तरी कित्येक लाखांची. मामांनी फोनवर एवढंच विचारलं, "मास्तर असता तर त्याला घावलं असतं का रं हे?" मी म्हणालो, कदाचित. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

तर मागच्या आठवड्यात तो मुलगा आणि आई गेल्यावर मी मामांना ते सांगितलं. इतकी वर्षं सांगायचं राहिलं होतं. मामीचा तो फोन, माझं ते शहाणपणाचं वाक्य, आणि ऑफिसची डेडलाईन. मामा सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले नाहीत.

"मला ठाऊक हाय. मामीनं तवाच सांगितलं होतं."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, डाक्टरला बी वाटलं तेच खरं वाटलं. महिनाभर गेला. गेला तो गेला." मग थोडं थांबून, "तू लिहितोस ना ते काँप्युटरवर? तेच्यात लिही हे. लोक गाठ दाबून बघत्यात अन् गोळ्या घेत्यात. तुकडा काढा म्हणावं."

म्हणून लिहिलं. मंडळी, एवढंच सांगायचं होतं. न दुखणारी गाठ तीन-चार आठवड्यांत गेली नाही, वाढत असेल, सोबत ताप, घाम किंवा उतरतं वजन असेल, तर तिचं नाव ठरल्याशिवाय औषध घेऊ नका, आणि स्टेरॉईड तर नाहीच. संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईला १९४१ पासून टाटा आहे. आणि घरातून कुणी फोन करून विचारलं, घेऊन येऊ का, तर 'या' म्हणा. डेडलाईनचं मग बघता येतं.

काल रात्री मामीचा फोन होता. त्या मुलाची गाठ काढून तपासली. टीबीच निघाला! आता सहा महिने गोळ्या, आणि या वेळी त्या कशासाठी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. मामांना कसं वाटलं विचारलं, तर मामी म्हणाली, "दुपारपासून सगळ्या गल्लीला सांगत फिरायलेत, जसं काही यांनीच बरं केलं."

मागच्या पावसाळ्यात जुन्या बागेच्या जागी त्यांनी परत मोसंबी लावली आहे. दोनशेच झाडं, पण लावली आहेत. मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. मामा एकसष्टीचे आहेत. येताना बांधावर गाडी थांबवून त्यांनी मला सगळ्या ओळी मोजून दाखवल्या.